जेन्किन्स डॉकरमध्ये चालवताय? या चुका टाळा

जेन्किन्स म्हणजे कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा सर्व्हर, आणि डॉकर म्हणजे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन. डॉकरवर जेन्किन्स उभा करायला एक कमांड पुरते. काही मिनिटांत ८०८० पोर्टवर लॉगिनचं पान येतं आणि झालं काम, असं वाटतं. भानगड पहिल्या अपडेटला कळते. जुना कंटेनर काढून नव्या इमेजवरून (कंटेनर ज्या तयार साच्यातून बनतो त्यावरून) चालू केला, की जॉब नाहीत, युजर नाहीत, समोर पहिल्या दिवसाचा सेटअप. माझ्यावर ही वेळ आलेली आहे.

कारण साधं आहे: व्हॉल्यूमला, म्हणजे डॉकर कंटेनरबाहेर डेटा ठेवतो त्या जागेला, नाव दिलेलं नसतं. पण अशा वेळी घाबरून साफसफाईची प्रून कमांड तेवढी चालवू नका. जेन्किन्सच्या इमेजमध्ये होम फोल्डर व्हॉल्यूम म्हणूनच जाहीर केलेलं असतं. त्यामुळे तुम्ही काही दिलं नाही, तरी डॉकर स्वतःहून एक बिननावी व्हॉल्यूम बनवतो. कंटेनर साधा काढला असेल, तर ते बहुतेक वेळा तसंच पडून असतं. व्हॉल्यूमची यादी काढा, लांबलचक अगम्य नाव असलेलं शोधा आणि नव्या कंटेनरला जोडा. कंटेनर आरएम (--rm) पर्यायाने चालवला होता? मग मात्र तो थांबताच व्हॉल्यूमही गेलं.

नाव द्यायच्या ऐवजी काही जण होस्टवरचं, म्हणजे डॉकर ज्या मशीनवर चालतो तिथलं, फोल्डर जोडतात. मग कंटेनर चालू होताच बंद पडतो आणि लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसतं. आतला जेन्किन्स युजर १००० या आयडीने चालतो आणि तुमचं फोल्डर असतं रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, मालकीचं. लिनक्स लॅपटॉपवर हे जाणवत नाही, कारण तिथे पहिल्या साध्या युजरचा आयडी बहुधा १०००च असतो. सर्व्हरवर गेलं की फसतं. फोल्डरची मालकी १०००ला द्या. ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळं खुलं) देऊन मोकळं होऊ नका, आत पासवर्ड आहेत.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती गोष्ट म्हणजे पाइपलाइनमधून (जेन्किन्समधल्या बिल्डच्या पायऱ्यांमधून) डॉकर चालवणं. आधी 'डॉकर नॉट फाउंड' येतं, कारण मूळ इमेजमध्ये डॉकरची कमांडच नसते. ती घालून होस्टचं डॉकर सॉकेट (डॉकरला आज्ञा पोचवायची वाट) जोडलं, की पुन्हा परवानगीची एरर. इथे बरेच जण वैतागून कंटेनर रूट म्हणून चालवतात. त्यापेक्षा होस्टवरच्या डॉकर ग्रुपचा नंबर बघा आणि कंटेनरला ग्रुप-ॲड पर्यायाने द्या. नाव नको, नंबरच द्या. आत त्या नावाचा ग्रुप नसतोच.

यानंतरचा खड्डा जास्त फसवा, कारण एरर येत नाही. पाइपलाइनमधून वर्कस्पेसचा (बिल्डच्या फोल्डरचा) पाथ देऊन दुसरा कंटेनर चालवला आणि आत फोल्डर रिकामं! सॉकेटमधून गेलेली आज्ञा पाळतो होस्टवरचा डॉकर, आणि तो पाथही होस्टवरच शोधतो. तिथे तसं फोल्डर नसतं, म्हणून गुपचूप नवीन रिकामं बनवून जोडतो. दोन्हीकडे पाथ एकच ठेवला किंवा जेन्किन्सचं व्हॉल्यूमच दुसऱ्या कंटेनरला जोडलं, की हे सुटतं. आणि एक लक्षात असू द्या: ज्याच्या हाती सॉकेट, त्याच्या हाती होस्टचं रूट. बाहेरच्या लोकांचा कोड बिल्ड करत असाल तर वेगळ्या मशीनवर एजंट (जेन्किन्ससाठी बिल्ड चालवणारा मदतनीस) ठेवा आणि मुख्य नोडचे एक्झिक्युटर शून्य करा, म्हणजे मुख्य जेन्किन्सवर बिल्ड चालणारच नाहीत.

५०००० पोर्ट सवयीने उघडला जातो. एजंट स्वतः टीसीपीने जोडून घेणार असतील तरच तो लागतो; एसएसएच किंवा वेबसॉकेट वापरत असाल तर नको.

इमेजच्या टॅगमध्ये (आवृत्तीच्या नावात) 'लेटेस्ट' लिहू नका, ती दर आठवड्याची आवृत्ती असते. एलटीएसचा (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्तीचा) पूर्ण आकडा लिहा, म्हणजे आपण काय चालवतोय ते माहीत असतं.

बिल्ड चालू असताना कंटेनर मेला आणि एक्झिट कोड १३७ दिसला, तर आधी मेमरीवर संशय घ्या. जेन्किन्स जावावर चालतो; कंटेनरला २ जीबी आणि जावाच्या हीपलाही (प्रोग्रॅमच्या डेटासाठीच्या मेमरीलाही) २ जीबी, हा हिशेब बसत नाही. हीपबाहेर जावाला स्वतःला जागा लागते, आणि त्याच कंटेनरमध्ये मेव्हन किंवा नोड-जेएससारखं बिल्डचं साधन चालत असेल तर त्यालाही. काही आकडा दिला नाही, तर जावा साधारणपणे मर्यादेच्या पाव भागावर हीप थांबवतो.

बॅकअपमध्ये लोक जॉबच्या फायली घेतात आणि सीक्रेट्स फोल्डर विसरतात. क्रेडेन्शियल्सची फाइल त्यातल्याच किल्ल्यांनी एन्क्रिप्ट केलेली असते. किल्ल्या नसतील तर सगळे टोकन आणि पासवर्ड हाताने पुन्हा भरावे लागतात.