दुसरीची मुलं आणि केळकर संग्रहालय

पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात लहान मुलांना नेलं की पहिल्या दोन दालनांतच ती कंटाळतात, 'बाई, पाणी' सुरू होतं. सगळं दाखवायचा हट्ट सोडा.

१. आदल्या दिवशी वर्गात घरचा जुना अडकित्ता दाखवा. सुपारीचं खांड मुलांसमोर कातरा, तो कट्ट आवाज ऐकू द्या. (आजच्या बऱ्याच मुलांनी तो पाहिलेलाच नसतो.)

२. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला शोधायला एकच वस्तू: अडकित्ते, दिवे, वाद्यं किंवा कोरीव दारं.

३. आवडलेल्या एकाच वस्तूसमोर बसून दहा मिनिटं चित्र. हे मात्र घाईत उरकू नका. आमच्या एका मुलीने अडकित्त्याच्या दांड्याचा बाक तीनदा खोडून काढला, आणि परतताना बसमध्ये आजीच्या पानाच्या डब्याबद्दल बोलत राहिली.

४. शेवटी सगळ्यांनी मिळून मस्तानी महाल. कोथरूडचा मूळ महाल इथे आणून पुन्हा उभा केलाय, हे ऐकून मुलं थक्क होतात.

फक्त पेन्सिलच द्या, पेन नको. आणि वही काचेवर टेकवू देऊ नका, मांडीवर पुठ्ठा घ्यायला सांगा.