नेटवर्क प्रिंटरचा आयपी पत्ता युनिक्सच्या टर्मिनलवरून कसा शोधावा

पावसाळ्यात फोंड्याच्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात वीज वारंवार जाते. ती परत आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे ओळखीचा क्रमांक, वाटण्याचे काम राउटरमधल्या डीएचसीपी या सोयीकडे असल्यामुळे प्रिंटरला कधी कधी जुन्याऐवजी नवाच पत्ता मिळतो. मग चवथीच्या वर्गणीच्या पावत्या संगणकातल्या रांगेत अडकून पडतात. प्रिंटरच्या पडद्यावर पत्ता दिसत असेल तर तो सरळ वाचून घ्यावा. तशी सोय नसेल किंवा प्रिंटर कुलूपबंद खोलीत असेल, तेव्हा पुढील मार्ग उपयोगी पडतो. कमांड, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या सूचना, येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच लिहाव्यात.

पुष्कळ जण आरंभीच संपूर्ण नेटवर्क धुंडाळू लागतात. माझ्या मते ते शेवटी करावयाचे काम आहे, कारण संगणकावर प्रिंटर आधीच जोडलेला असेल तर त्याचा ठावठिकाणा संगणकाला ठाऊक असतो. लिनक्स आणि अ‍ॅपलचा मॅक या दोन्ही युनिक्स-वळणाच्या प्रणालींवर छपाईचे काम कप्स ही प्रणाली पाहते, आणि तिला ‘एलपीस्टॅट -व्ही’ असे विचारले की प्रत्येक प्रिंटरच्या नावापुढे त्याचा जोडपत्ता, म्हणजे संगणक त्याच्याशी कुठे आणि कसा जोडतो ते सांगणारी ओळ, छापून येतो. उदाहरणार्थ, ‘सॉकेट://१९२.१६८.१.४०:९१००’ असे दिसले तर मधला चार आकड्यांचा भाग हाच आयपी पत्ता होय आणि ९१०० हा पोर्ट, म्हणजे प्रिंटर ज्या दारातून छपाई स्वीकारतो त्याचा क्रमांक.

मात्र जोडपत्त्याचा आरंभीचा शब्द नीट वाचावा, कारण पुढे काय करायचे ते त्यावरूनच ठरते. ‘सॉकेट’, ‘आयपीपी’ किंवा ‘एलपीडी’ या नेटवर्कवरून छपाई करण्याच्या पद्धतींच्या नावांनंतर आकड्यांऐवजी नाव असेल, तर ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे ते नाव लिहून लिनक्सला पत्ता विचारता येतो. मॅकवर त्या नावाला एकदा ‘पिंग’ केले, म्हणजे ‘पिंग’पुढे ते नाव लिहिले, तरी पत्ता कंसात दिसतो. ‘यूएसबी’ असेल तर प्रिंटर तारेने जोडलेला आहे, आणि त्या जोडणीपुरता आयपी पत्ता शोधण्यात अर्थ नाही. ‘आयपीपी’च्या पत्त्यात पुढे ‘/प्रिंटर्स/’ असा भाग असेल, तर तो बहुधा छपाई सांभाळणाऱ्या दुसऱ्या संगणकाचा पत्ता असतो, प्रिंटरचा नव्हे. अशा वेळी त्या संगणकावर जाऊन तीच कमांड पुन्हा चालवावी. या फरकाकडे दुर्लक्ष करून मी एकदा अर्धी दुपार वाया घालवली आहे.

‘डीएनएसएसडी’ असे दिसले तर प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर आपले नाव पुकारत असतो आणि जोडपत्त्यात आयपी नसतो. लिनक्सवर ‘अवाही-ब्राउझ -आरटी _आयपीपी._टीसीपी’ ही कमांड त्या नावामागचा पत्ता उलगडून दाखवते. मॅकवर ‘आयपीपीफाइंड’ चालवले की ‘.लोकल’ने संपणारे नाव मिळते, त्याला पिंग करावे.

संगणकावर प्रिंटर जोडलेलाच नसेल, किंवा वीज जाऊन आल्यावर नोंदलेला पत्ता शिळा झाला असेल, तरच नेटवर्क धुंडाळावे, तेही स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवरच. ‘एनमॅप -पी ९१००,६३१,५१५ --ओपन १९२.१६८.१.०/२४’ ही कमांड त्या पत्त्यांच्या पट्ट्यातील यंत्रांना देता येणाऱ्या २५४ पत्त्यांपैकी कोणाचे छपाईचे पोर्ट उघडे आहेत ते सांगते; आपला पट्टा वेगळा असल्यास आकडे बदलावेत. ६३१ पोर्ट कप्स चालवणाऱ्या संगणकावरही उघडा असू शकतो, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबू नये. ९१०० पोर्टवर उगाच काही पाठवूही नये: तेथे पोहोचलेला मजकूर प्रिंटर मुकाट्याने कागदावर उतरवतो, आणि म्हणूनच एनमॅप पोर्टवरील प्रोग्रामची आवृत्ती तपासताना हा पोर्ट मूळ मांडणीतच वगळते.

एकाहून अधिक प्रिंटर सापडले तर प्रिंटरच्या मागे चिकटवलेल्या लेबलावरील मॅक पत्ता कामी येतो; हा यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा कायमचा क्रमांक, अ‍ॅपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही. लिनक्सवर ‘आयपी नेबर’ आणि मॅकवर ‘एआरपी -ए’ चालवून जो आयपी त्या मॅक पत्त्यासमोर दिसेल, तो आपला. मॅकवरची यादी प्रत्येक जोडीतील आरंभीचे शून्य गाळते, हे ताडून पाहताना ध्यानात असू द्यावे.

सापडलेला पत्ता ‘एनसी -झेडव्ही’ने, पुढे पत्ता आणि ९१०० लिहून, तपासावा, ही कमांड काही न पाठवता फक्त दार उघडे आहे का ते पाहते. त्यानंतर ‘एलपीअ‍ॅडमिन -पी’पुढे प्रिंटरचे नाव आणि ‘-व्ही’पुढे नवा जोडपत्ता दिला की अडकलेली रांग नव्या पत्त्याकडे वळते, ती थांबवलेली दिसली तर ‘कप्सएनेबल’ आणि प्रिंटरचे नाव लिहून ती पुन्हा सुरू करावी. त्याच बैठकीत राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी तो आयपी राखून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी वीज गेली तरी प्रिंटरला तोच पत्ता मिळेल.