मुलांसाठी खळं पुन्हा कसं उघडावं

पावसात चिखल नको म्हणून आम्ही घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, पेव्हर ब्लॉकने बांधून घेतलं, आणि वर्षभरात पोरं ओटीवर येऊन मोबाइल घेऊन बसली. मग अर्धे ब्लॉक उखडले. तेव्हा जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

१. आधी माती मोकळी करा. दहा-बारा फुटांचा तुकडा पुरतो. सावली आंब्याची घ्या, माडाची नको. नारळ आणि सुकी झावळ सांगून पडत नाहीत. विहीर जवळ असेल तर आधी जाळी बसवा.

२. विकतची खेळणी आणू नका. करवंट्या, झावळ्या, फुटकी कळशी, बादलीभर पाणी आणि पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीचा बुडाचा रुंद, चिवट भाग) एवढं ठेवा. विरीवर एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं. बसणारा तोल शिकतो, ओढणाऱ्याचे पाय-पाठ कामाला लागतात, आणि पाळी कोणाची यावरचं भांडण ती दोघंच मिटवतात. मोठ्यांनी मध्ये पडू नये. पहिले दोन-तीन दिवस ‘कंटाळा आला’ हे ऐकावं लागेल. ऐकून घ्या.

३. रोज वेळ काढा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. डोळ्यांसाठीही बाहेर जायला हवं: घरात दिव्याखाली काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर सावलीतही हजारो. बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं अंधूक दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते.

४. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, नेताना तिथी बघा. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि त्याच्या आधी-नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. त्या दिवशी सकाळीच जा, कारण संध्याकाळी पाणी ओसरत असतं आणि ओसरत्या पाण्याला ओढ असते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट, म्हणजे हिशेब सव्वाअकराचा येतो, म्हणून संध्याकाळी पाच-साडेपाचला पुळण लांबवर उघडी पडते. कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं, शिंपले, ओल्या वाळूचे किल्ले यांना याहून चांगली वेळ नाही. पण उधाणाचं पाणी जितकं आत जातं तितकंच परत चढतं, तेव्हा अंधाराआधी पोरं वर आणा. हा सगळा अंदाजच. निघण्यापूर्वी होडीवाल्यांना विचारा. आणि पाण्यात जाणाऱ्या मुलाच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवंच.

५. पावसाळ्यात खेळ थांबवू नका, जागा बदला. पायाला जखम असेल तर शेताच्या आणि साचलेल्या पाण्यात सोडू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) उंदरांच्या मुतातून त्याच पाण्यात येतो. चिऱ्यांचा, लाकडांचा ढीग खेळाच्या जागेपासून दूर हलवा, तोही मोठ्यांनी, काठीने आधी आपटून. फुरसं हा विषारी साप तिथेच दडून बसतो. मुसळधार लागली की पडवीत करवंट्या मांडा आणि पागोळ्यांनी कोणाची आधी भरते ते बघू द्या.