मासळी वाहणाऱ्या पिकअपची आगोट

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी मासेमारी बंद असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या वर ओढल्या जातात, घरात आई आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरत असते, आणि मी त्याच आठवड्यात गाडी जॅकवर घेतो. अकरा वर्षं मी रत्नागिरीहून कोल्हापूरला मासळी नेतो. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या, येताना भाजीपाला. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटरवर दिलेलं असतं. इंजिन ऑइल, फिल्टर, बेल्ट यांच्यासाठी ते पाळाच. पण किनाऱ्यावरची गाडी खाऱ्या पाण्याने सडते, आणि ती उभी असली तरी सडतच राहते. त्यामुळे चॅसिस (खालचा सांगाडा), पाटे (भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या), ब्रेक यांची कामं मी फेऱ्यांवर आणि महिन्यांवर मोजतो.

आधी धुण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं रक्त आणि समुद्राचं पाणी मिसळतं आणि हौद्याच्या फटींतून खाली टपकत राहतं. दुपारी ऊन पडलं की सगळं सुकलेलं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की सुकलेल्या मिठाचं आपोआप पाणी होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं तसंच. आपल्याकडे उन्हाळ्यातही पहाटेची हवा बऱ्याचदा तेवढी दमट असते. म्हणजे तुम्ही झोपलेले असता तेव्हा चॅसिस पुन्हा खाऱ्या पाण्यात भिजलेला असतो.

म्हणून गाडी रिकामी झाली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. विहीर खाडीला लागून असेल आणि पाणी मचूळ लागत असेल तर ते वापरू नका. साधा पाइप पुरतो, पाणी मात्र भरपूर हवं. वरच्या रंगाला दोन मिनिटं दिली तर खालच्या भागाला दहा द्या. मागच्या ॲक्सलवर चॅसिस जिथे वळतो ती जागा, दोन पाट्यांमधली फट, डिझेल टाकीच्या पट्ट्यांचा वरचा भाग, मडगार्डची आतली कड आणि मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या, इथे गाळ साचतो आणि गाळात मीठ राहतं. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने धुवायचं तर हबचे सील, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरची जाळी यांच्यावर फवारा जवळून मारू देऊ नका.

हौद्याच्या तळाला मी पत्र्याची पन्हळ बसवून घेतली आहे. सगळं पाणी एका कोपऱ्यात येतं आणि नळीने बंद कॅनमध्ये उतरतं. चॅसिस वाचतो हा एक फायदा. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: घाटाच्या वळणावर मासळीचं पाणी सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. कॅन बाजारात पोचल्यावर गटारात रिकामा करा, रस्त्यावर नाही.

जूनमध्ये गाडी शेडमध्ये घ्या, आधी धुवा, पूर्ण सुकू द्या, मग तारेच्या ब्रशने गंज काढा. लोखंड उघडं पडलं की रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर अंडरबॉडी कोटिंग. गंजावरच काळा थर मारून देणारे बरेच भेटतात. दिसायला छान दिसतं, पण मीठ आणि ओल आत कोंडली जाते आणि दोन वर्षांनी थराचा पोपडा हातात येतो, त्याला लोखंडाचे खवले चिकटलेले. जुनं इंजिन ऑइल फवारण्याची पद्धतही सोडा. त्याने रबरी बुश फुगतात, ते ब्रेकच्या लायनरवर उडालं तर ब्रेक धरत नाही, आणि पहिल्या पावसात ते तेल शेतात उतरतं.

आता ब्रेक. सहा वर्षांपूर्वी मी आंबा घाटातून साखरप्याकडे उतरत होतो, मागे टोमॅटो आणि कोबी. तीन-चार वळणांनंतर पेडल मऊ पडलं आणि पाय जवळजवळ तळाला लागला. गिअर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डाव्या हाताच्या चरीत चाक घालून गाडी थांबवली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट! साखरप्यात मिस्त्रींनी बाटलीत ऑइल काढून दाखवलं, काळपट तपकिरी. त्यांनी एकच विचारलं, ‘‘बाबू, हे शेवटचं कधी बदललंस?’’ मी गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं.

झालं होतं असं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. भरल्या गाडीला घाटात सतत ब्रेक मारला की चाकाजवळचं ऑइल तेवढं तापतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल ऑइल ढकलण्याऐवजी वाफ दाबत बसतं. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

दोन वर्षांनी ऑइल बदलण्याची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. आपल्या दमट हवेत मी दर आगोटीला बदलतो. कोणती प्रत ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डबा सीलबंदच घ्या, उघडून ठेवलेला नको. चाकामागच्या निपलमधून जुनं ऑइल काढतात; ते गंजलं असेल तर आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रिंग पानाच लावा, नाहीतर निपल तुटतं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी घ्या; पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडून परत आवळायचं, आवळेपर्यंत पेडल सोडायचं नाही. वरची टाकी रिकामी पडू देऊ नका, नाहीतर हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तिथेच असताना मागच्या ॲक्सलवरचा लोखंडी ब्रेक पाइप बोटाने चाचपा. खवले लागले तर बदलाच. बऱ्याच पिकअपना मागे भाराप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा गंजून अडकला असेल तर मोकळा करून घ्या.

उतरताना एक साधा नियम: ज्या गिअरमध्ये तो चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

पावसाळ्यात पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं असताना मोरी ओलांडली तर डिफरन्शियलकडे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याकडे, लक्ष द्या. लांबून आलेलं हाउसिंग गरम असतं. गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा येण्याजाण्याच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी फिलर प्लग उघडून बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी न चालवता ते काढा आणि पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं नवीन भरा. बेअरिंग आणि क्राऊन-पिनियनच्या खर्चापुढे ते काहीच नाही. ब्रीदरची टोपी चिखलाने बसलेली असते, ती दर महिन्याला साफ करा. पुढच्या चाकांच्या बेअरिंगचं ग्रीसही जूनमध्ये बघा.

पाट्यांमध्ये भेग शोधायची तर धुऊन सुकल्यावर शोधा. भेगेतून गंजाची बारीक रेघ बाहेर आलेली दिसते. गाडी एका बाजूला कलली असेल तर तुटलेला पाटा किंवा सेंटर बोल्ट असणार. पाटा बदलला की पहिल्या भरल्या फेरीनंतर पाटे ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट परत आवळा. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीसचं निपल असेल तर महिन्यातून एकदा ग्रीस द्या. आणि भार: आरसीवर एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा भार. बर्फही त्यातच धरा. मासळी आणि बर्फ निम्मे-निम्मे घेतले तर अर्धी गाडी पाण्यानेच भरलेली असते, हे व्यापाऱ्याला स्पष्ट सांगा.

दिवे मंद, सेल्फ जड, पण बॅटरी नवीन? इंजिन ते चॅसिस जाणारी अर्थची पट्टी सोडवा. आमच्याकडे दहातले आठ दोष तिथेच निघतात. पट्टी आणि टर्मिनल घासून चकचकीत करा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मीटर लावून बघा: रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत.

एप्रिलमध्ये घाट चढताना गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरची जाळी बघा, तांबड्या मातीने ती बसलेली असते. एअर फिल्टरही तसाच. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिश्रण. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाड्या बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, आहेत. त्यांच्या धुराड्यातला फिल्टर बंदर ते बर्फाचा कारखाना अशा लहान फेऱ्यांनी काजळीने भरतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की महामार्गावर अर्धा तास एका लयीत चालवा. त्या वेळी धुराडं फार तापतं, म्हणून आंब्याच्या मोसमात पेंढ्यावर किंवा सुक्या गवतावर गाडी थांबवू नका.

जुलैमध्ये उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रमला लायनर चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाका आणि चाकांना दगड लावा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्यात अर्थ नाही. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. बॉनेट दर दोन दिवसांनी उघडून बघा, पावसात उंदीर तिथेच कोरडी जागा शोधतात आणि वायरी कुरतडतात.

३० जुलैला मी अर्धा भार टाकून हातखंब्यापर्यंत जाऊन येतो. घरी आलो की कशालाही स्पर्श न करता चारही चाकांच्या जवळ तळहात नेतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर लायनर घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. ते चाक त्याच संध्याकाळी पुन्हा उघडतो, कारण १ ऑगस्टला पहाटे माल भरायचा असतो.