घर बांधताय? नगरपालिकेत अडकवणाऱ्या या चुका टाळा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भूमिपूजन आणि मृगाच्या आत स्लॅब, असा खान्देशात घर बांधणाऱ्या बहुतेकांचा बेत असतो. मिस्त्री मोकळा सापडला, पाण्याची सोय झाली की काम सुरू होतं आणि नकाशाची मंजुरी मागे पडते. "मंजुरी काय, मागून घेऊन टाकू." जळगाव-धुळ्याची महापालिका असो नाहीतर अमळनेर, शिरपूर, शहाद्याची नगरपालिका, पुढचा सगळा त्रास या एका वाक्यातून सुरू होतो. आयुष्याची पुंजी ज्यात जाते त्या घराला निदान कागदाचा तरी घोर नसावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्लॉट न तपासता विसार देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शेताच्या कडेला मुरूम टाकून, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकले जातात. शेजारी दोन-चार घरं उभी असतात, त्यांना लाईटचं मीटर असतं, घरपट्टीही लागलेली असते. यावरून प्लॉट "क्लिअर" आहे असं माणूस समजतो. पण घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे. महापालिका कायद्याचं कलम 267अ आणि नगरपरिषद कायद्याचं कलम 189अ पाहिलं तर अनधिकृत बांधकामावर घरपट्टीच्या दुप्पट शास्ती (दंड) लावता येते, आणि ती भरली तरी बांधकाम अधिकृत होत नाही.

विसार देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: चालू सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा आदेश किंवा सनद, आणि मंजूर ले-आऊटची (प्लॉट पाडल्याच्या नकाशाची) प्रत. त्या ले-आऊटवर तुमचा प्लॉट नंबर स्वतः शोधा. विकणाऱ्याने रंगीत छापलेला नकाशा आणि नगररचना विभागाच्या शिक्क्याचा नकाशा यांत कधी कधी ओपन स्पेसच (सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा) प्लॉट होऊन बसलेली असते. मग पालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. जमीन रहिवासी विभागात आहे का, तिच्यावरून डी.पी. रोड (विकास आराखड्यातला रस्ता) जातो का, शाळेचं किंवा बागेचं आरक्षण आहे का, हे त्यावर दिसतं. या दोन कागदांना फार पैसे लागत नाहीत, तरी आपल्याकडे ते खरेदीखत झाल्यावर काढतात.

प्लॉट गुंठेवारीतला (मंजूर ले-आऊटशिवाय तुकडे पाडून विकलेला) असेल तर वाट पूर्ण बंद नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवली गेली आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला अर्ज करण्याची सोय झाली. मात्र आरक्षणातली किंवा नदी-नाल्यातली जागा त्यातही बसत नाही. आधी नियमितीकरण करून घ्या, बांधकाम त्यानंतर.

नंदुरबार जिल्ह्यात, तसंच शिरपूर, साक्री, चोपडा, यावल भागात आणखी एक गोष्ट बघावीच लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. जमीन महसूल संहितेची कलमं 36 आणि 36अ त्यासाठीच आहेत. नोटरी करून घेतलेल्या अशा जागेवर घर बांधणं म्हणजे घर आणि पैसा दोन्ही धोक्यात घालणं. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तरी तिथेच थांबून तहसीलला विचारा.

मोजणीऐवजी शेजाऱ्याचं कंपाउंड

शेजाऱ्याच्या भिंतीपासून फीत धरली आणि त्याचीच भिंत दोन फूट सरकलेली निघाली, तर तुमचं मार्जिन (घराभोवती मोकळं सोडायचं अंतर) गेलं. भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी करून घ्या, खुणा दगडाने पक्क्या करा आणि मोजणी नकाशाची "क" प्रत जपून ठेवा.

गावातलं जुनं धाब्याचं घर पाडून बांधत असाल तर सामाईक भिंतीचा विषय पाडण्याआधी शेजाऱ्याशी लेखी मिटवा. उताऱ्यावर आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद करा. बहिणींची नावं लागली की त्यांची संमतीही लागते. ऐनवेळी सही मागायला गेलं की नात्यात वितुष्ट येतं, म्हणून हा विषय घरात आधीच बोलून घ्यावा.

"छोट्या प्लॉटला परवानगीच नको"

हे अर्धवट ऐकलेलं आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर सोपी पद्धत आहे: ठरलेल्या नमुन्यात नकाशा आणि कागद द्यायचे, शुल्क भरायचं, आणि ती पावतीच परवानगी मानली जाते. 150 ते 300 चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. म्हणजे सूट नुसत्या वेळेची आहे. मार्जिन, चटई क्षेत्र (प्लॉटवर किती बांधता येईल ते), उंची हे सगळे नियम जसेच्या तसे लागू आहेत, आणि पावती नसेल तर बांधकाम अनधिकृतच ठरतं.

नकाशा एक, घर दुसरं

मंजूर नकाशा कपाटात राहतो आणि घर मिस्त्रीच्या अंदाजाने वर जातं. मागच्या मार्जिनमध्ये संडास, बाजूला बाहेरचा जिना, पुढे ओटा, ओट्याखालून पायऱ्या थेट गटारीवरच्या ढाप्यापर्यंत (झाकणापर्यंत). ओट्याशिवाय आपल्याकडे घराला घर म्हणत नाहीत हे खरं, पण तो तुमच्या हद्दीत आणि नकाशात दाखवलेला हवा. अतिक्रमणाच्या मोहिमेत पहिला हातोडा ढापा आणि पायऱ्यांवरच पडतो.

हे टाळायचं तर खड्डे खोदण्याआधी इंजिनिअरला साइटवर बोलवा आणि कॉलमची आखणी मंजूर नकाशावरूनच करून घ्या. जोत्यापर्यंत (पाया जमिनीवर येतो तिथपर्यंत) काम आलं की पालिकेला कळवून जोते तपासणी करा. हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि चूक स्वस्तात दुरुस्त करण्याची शेवटची वेळ तीच असते. मधेच खोली वाढवायची इच्छा झाली तर सुधारित नकाशा आधी द्या. प्रारंभ प्रमाणपत्राच्या (काम सुरू करायच्या परवानगीच्या) तारखेपासून वर्षभरात काम सुरू झालं नाही, तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करून घ्या.

भुसावळ, चाळीसगावसारख्या ठिकाणी रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधायचं असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. प्लॉटवरून 33 केव्हीची विजेची तार जात असेल तर बाजूने 2 मीटर आणि वर 3.7 मीटर अंतर सोडा. पांझरा, गिरणा, तापीच्या काठी निळी (नदीजवळची) आणि लाल (तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची) पूररेषा पाहूनच जागा घ्या. निळ्या रेषेच्या आत घराला परवानगी मिळत नाही.

अडकलातच तर

अर्ज पडून राहिला असेल तर आधी त्रुटीचं पत्र आलंय का बघा. ऑनलाइन अर्जात ते बऱ्याचदा इंजिनिअरच्या लॉगिनमध्ये येतं आणि मालकाला पत्ताच नसतो. त्रुटी नसेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करा. बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेल्या घरात राहायची परवानगी) या तिन्ही सेवा त्यात येतात. नगररचना कायद्यातली 60 दिवसांनंतरची मानीव परवानगी (उत्तर न आल्यास मिळाली असं धरलेली), प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच चालते. तिच्या भरवशावर स्लॅब टाकू नका.

अनधिकृत बांधकामाबद्दल नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस आली तर घाबरून ओळखीच्या माणसाकडे धावू नका. नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो. नियमात बसणारा भाग शुल्क आणि दंड भरून वाचू शकतो, न बसणारा स्वतःहून काढावा. मुदत गेली की हा मार्ग हातातून जातो, म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

वास्तुशांती झाली की भोगवटा प्रमाणपत्राचा विसर पडतो. ते काम पूर्ण होताच, इंजिनिअरचा हिशोब मिटवण्याआधीच मागा. त्याची सही लागते, आणि पैसे चुकते झाल्यावर ती मिळवायला फार हेलपाटे पडतात.