मॅकबुकच्या अनुक्रमांकावरून कळलेले निर्मितीवर्ष

विकत घ्यायचा जुना मॅकबुक एअर २०१७ सालचा असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. परंतु २०१५ आणि २०१७ ची मॉडेले बाहेरून सारखीच दिसत असल्यामुळे मी तळाशी छापलेला बारा अक्षरांचा अनुक्रमांक तपासला. २०१० नंतरच्या अशा क्रमांकांत पहिली तीन अक्षरे कारखाना, चौथे सहामाही, पाचवे त्या सहामाहीतील आठवडा आणि शेवटची चार मॉडेल सांगतात. येथे चौथे अक्षर ‘क्यू’ होते, म्हणजे निर्मिती २०१५ च्या दुसऱ्या सहामाहीतली. तळाचे झाकण बदललेले असू शकते, म्हणून ‘अबाउट धिस मॅक’ या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या खिडकीतील क्रमांकही जुळवला, ही पडताळणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यानंतर किंमत कमी झाली. २०२१ पासून अॅपल यादृच्छिक क्रमांक देऊ लागल्याने नव्या मॉडेलांना ही रीत लागू पडत नाही.