जुनी फायबरची होडी घरी दुरुस्त करताय? आधी वाळवा, मग बाकीचं

दिवाळे, करावे, सारसोळे, तिकडे ठाण्यात चेंदणी, कुठल्याही कोळीवाड्यात चार जणांना विचारलंत की विकायला काढलेल्या जुन्या फायबरच्या होडीचा पत्ता बहुतेक लागतोच. मी धरून चालतो की तुम्ही तशी १८-२० फुटी होडी घेतलीय, मत्स्यव्यवसाय खात्यातली नोंदणी तुमच्या नावावर करायला टाकलीय आणि ठेवायला अंगण आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका, फायबरची धूळ तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत टाकलेल्या कपड्यांपर्यंत जाते आणि रेझिनचा वास तर त्याच्याही वर.

होडी वर काढायची ती पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणाला. भांगेला (अष्टमीच्या आसपासची कमी भरती) पाणी वरपर्यंत येतच नाही, मग दहा माणसं लावून चिखलातून ओढत बसा. वर आली की मशीन (इंजिन) उतरवा, बुडाचे शिंपले खरवडून काढा आणि गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवा, कारण मिठाचा थर राहिला तर तो हवेतला ओलावा खेचत राहतो.

मग छोटी हातोडी घेऊन सगळीकडे हलकं ठोकत फिरा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तिथे खडूने गोल करा. मागचा फळा, जिथे मशीन बसते, तो नीट ठोका, आत प्लाय असतो आणि जुन्या होडीत तो बऱ्याचदा कुजलेला असतो. शंका आली तर आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारा, ओला काळपट भुसा आला की तो प्लाय गेला. आतूनच कापून काढा, आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय बसवा, साधा कमर्शियल नको, दुकानदार काहीही म्हणू दे. नटबोल्ट ३१६ स्टीलचे घ्या, ३०४ खाऱ्या पाण्यात गंजतात.

आता वाळवणं. मला सगळ्यात जास्त ह्याच टप्प्याने छळलंय आणि सगळ्यात वाईट सल्लेही ह्याबद्दलच मिळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होडी रिकामी, मग जो तो सांगतो की बंदीत काम काढ, वर ताडपत्री मार, नारळी पुनवेला होडी पाण्यात. रंगकाम, मशीनचं काम, जाळी शिवणं, सगळं करा बंदीत. फायबरचा पॅच मात्र नाही. ताडपत्री पाऊस अडवते, दमट हवा अडवत नाही, आणि ओल्या फायबरवर पॉलिस्टर रेझिन धरतच नाही. वरून चकचकीत दिसतं, दोन महिन्यांनी पॅचच्या कडेला नख घातलं की पापुद्रा सुटून येतो. होळी झाली की होडी वर घ्या, तडकलेला भाग घासून उघडा करा आणि एप्रिलचं ऊन खाऊ द्या. घाई असेल तर हॅलोजन लावा, ब्लोअर लावा, पण कोणी दोन दिवसांत वाळते म्हणालं तर ऐकू नका.

वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि पूर्ण दिवस उन्हात ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे, कागद काढा, आठवडाभर थांबा, परत लावा. असं कोरडं येईपर्यंत. कंटाळा येतो, येऊ दे.

कोरडं आलं की ग्राइंडरला लावायच्या ३६ नंबरच्या खरखरीत डिस्कने कडा उतरत्या घासा, फायबरच्या जाडीच्या बारा पट. म्हणजे ५ मिमी जाडी तर भोकाभोवती ६ सेंमीचा उतार. भोकाएवढाच तुकडा लावणारे कारागीर मी पाहिलेत, तो तुकडा लाटेच्या पहिल्या दणक्याला आत जातो. मास्क, गॉगल, फुल बाह्या लागतातच. नंतर आंघोळ आधी थंड पाण्याने, गरम पाण्याने खाज वाढते.

रेझिन आयसोच (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर, पाण्यात जास्त टिकतं) घ्या, जनरल पर्पज स्वस्त पडतं पण सतत पाण्यात राहणाऱ्या बुडाला नको. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला मदत करणारं द्रव्य) आधीच घातलेलं मिळतं, तेच मागा. वेगळं दिलं तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी ओतायचे नाहीत, भडका उडतो, आणि हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल इथेही, आणि उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन सरळ डॉक्टरकडे. हार्डनरचं प्रमाण किलोभर रेझिनला १० ते २० मिली. मेच्या उन्हात १० कडेच राहा, तेही सकाळी लवकर आणि सावलीत, नाहीतर अर्धं काम व्हायच्या आत डबा हातात तापून दगड होतो. अंदाजाने झाकणभर ओतणाऱ्या माणसाला कामावर घेऊ नका.

४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) फायबरची मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा, विरळ कड आजूबाजूला मिसळून जाते. एक थर साधारण १ मिमी होतो, त्यावरून किती लागतील ते ठरवा. मोठा तुकडा आधी, लहान वर (काहीजण उलट करतात, मला पटत नाही, उतरत्या कडेला आधी सलग मॅट बसली पाहिजे). रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीच पट. प्रत्येक थरावर खाचांचा धातूचा रोलर फिरवून हवा काढा, पांढुरका ठिपका दिसला की तिथे हवा आहे. एका दमात तीनपेक्षा जास्त थर नकोत, फार तापतं.

घासणं, लांबी (पुट्टी), रंग, ह्यात अवघड काही नाही. पाण्याखालच्या भागाला अँटिफाउलिंगच (शिंपले-शेवाळ धरू न देणारा रंग) लावा, घरच्या ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट नको.

पाण्यात सोडताना बुडाचं बूच लावलंय ना ते बघा, हसू नका. मग जेट्टीला बांधून एक भरती-सुकती काढा. आधी आतून पॅचभोवती कोरडं करून खडूची पूड पसरून ठेवा, ओघळ कुठून सुरू होतो ते लगेच दिसतं. तळात पाणी दिसलं तर पावसाचं की खाडीचं ते चाखून बघा असं जुने लोक सांगतात. ठाण्याच्या खाडीचं पाणी मी चाखत नाही.